जयंतीचं हेलिकॉप्टर

शहाडला नदीकडच्या मैदानात हेलिकॉप्टर उतरलं, पंखे थांबले, आणि पायलटच्या आधी दार उघडून खाली आला तो प्रेम. मैदानात जमलेल्या निम्म्या लोकांनी त्याला लहानपणी नागडं फिरताना बघितलेलं. आता असल्या माणसांसमोर साहेबी थाट कसा करणार? डोळ्यावरचा काळा गॉगल त्यानं गुपचूप खिशात टाकला. तरी पोरांनी शिट्ट्या मारल्याच, आणि कुणीतरी ओरडलं, "अरे, रमाबाईचा प्रेम आहे तो, हेलिकॉप्टरचा इंजिनिअर." प्रेमला लाजल्यासारखं झालं आणि मनातून गुदगुल्याही झाल्या. का होऊ नयेत? चाळीतल्या संडासाच्या रांगेत उभं राहून अभ्यास केलेला पोरगा आभाळातून खाली आला होता.

प्रेम एका छोट्या हेलिकॉप्टर कंपनीत मेंटेनन्स इंजिनिअर होता. कंपनी लग्नात नवरदेव उतरवायची, निवडणुकीत उमेदवार फिरवायची, आणि हल्ली मिरवणुकांवर फुलं टाकायचं कामही घ्यायची. यंत्र उडायला योग्य आहे की नाही ते प्रेमनं तपासायचं, आणि त्यानं हो म्हटल्याशिवाय पायलट बटणाला हात लावत नसे.

आजची सुपारी मात्र घरचीच होती. प्रेमच्या वडिलांचा धाकटा भाऊ जगन, म्हणजे जगनकाका, इथल्या जयंती समितीचा अध्यक्ष. कुठल्या तरी गावात बाबासाहेबांच्या पुतळ्यावर हेलिकॉप्टरमधून फुलं पडताना त्यानं मोबाइलवर पाहिलं, आणि त्या दिवसापासून माणूस नुसता पेटला. पोलीस झाले, पालिका झाली, विमानतळाची ऑफिसं झाली. परवानग्यांसाठी चपला झिजवल्या, साहेबांच्या शिपायांना मस्का लावला, घरात बायकोची बोलणी खाल्ली. गेल्या वर्षी सगळं जमून ऐनवेळी एका सहीपायी अडलं, तेव्हा हा साठीचा माणूस पुतळ्याच्या चौथऱ्यावर बसून रडला होता. यंदा सही मिळाली. वर बसून फुलं टाकायला दोनच जागा होत्या. एक काकाची आणि दुसरी प्रियांकाची. प्रियांका ही प्रेमची धाकटी बहीण, समितीत नाचून काम करणारी, त्यामुळे त्या जागेवर कुणी हूं की चूं केलं नाही.

उन्हं तापायला लागलेली. मैदानाच्या कडेला मंडप, त्यावर निळे झेंडे आणि पंचशील ध्वज, पांढऱ्या साड्यांमधल्या बायका, सरबताची पिंपं. फुलांच्या टोपल्या हेलिकॉप्टरच्या मागच्या सीटसमोर रचून झाल्या. मिरवणूक अजून पुतळ्याच्या चौकात पोचायची होती. प्रेमनं शिडी लावली आणि इंजिनावरचं दार उघडलं.

तेल किंचित खाली होतं. घाबरण्यासारखं काही नाही, पण प्रेमला किंचितही चालायचं नाही. त्यानं तेलाचं झाकण फिरवून काढलं, ते बारीक साखळीला लोंबकळत राहिलं. वरून हवं तेवढं तेल ओतलं. झाकण उचलून तोंडावर ठेवलं.

आणि मंडपातल्या माइकवर वंदना सुरू झाली.

त्रिशरण-पंचशील सुरू झालं की आपल्याकडे कुणी बसून राहत नाही आणि कुणाचा हात कामात राहत नाही. सरबत ओतणारी बाई पेला खाली ठेवते, वायर जोडणारा पोरगा पक्कड खाली ठेवतो. हे कुणी शिकवत नाही, आईच्या कडेवर असल्यापासून अंगात भिनलेलं असतं. प्रेम शिडीवर होता तिथेच सरळ उभा राहिला, तेलकट हात जोडले, डोळे मिटले. वर निळं आभाळ, खाली आपली माणसं, समोर आपल्या ताब्यातलं यंत्र. त्याला वडील आठवले. त्याचा बाप सीताराम, कारखान्यात हेल्पर म्हणून लागला आणि हेल्पर म्हणूनच गेला.

वंदना संपते न संपते तोच जगनकाका शिडीखाली हजर. "इंजिनिअरसाहेब, खाली या बघू. सगळे फोटोसाठी खोळंबलेत."

"एक मिनिट, काका."

"एक मिनिट एक मिनिट करत म्हातारा झालो मी. उतर."

प्रेम हसला, इंजिनावरचं दार लावलं, त्याचे लॅच दाबून घट्ट केले आणि उतरला. मग फोटोच फोटो. काकासोबत, काकूसोबत, भिक्खूंसोबत, ज्यांचं नावही आठवत नाही अशा मावश्यांसोबत. तेवढ्यात पायलट आला. कॅप्टन सर्वेश पुण्याचा, मोजकं बोलणारा. त्यानं यंत्राभोवती फेरी मारली, सगळी दारं हलवून पाहिली, लॅच पाहिले. "ओके?" त्यानं विचारलं. "ओके," प्रेम म्हणाला.

आणि हेलिकॉप्टर उडालं. काका आत बसून लहान पोरासारखा हात हलवत होता. प्रियांकानं ओढणी दोन्ही हातांनी धरलेली. धुरळा बसला तेव्हा बायकांच्या साड्या पांढऱ्या राहिल्या नव्हत्या, पण एकीनंही तक्रार केली नाही.

मिरवणूक मागे रेंगाळली होती. चौकातून निरोप आला की पुतळ्यापाशी पोचायला अजून थोडा वेळ आहे. मग ठरल्याप्रमाणे सर्वेशनं हेलिकॉप्टर टिटवाळ्याच्या बाजूला नेलं आणि तिथे मोकळ्या रानावर घिरट्या घालत थांबला. इशारा मिळाला की थेट चौकावर यायचं, तीन फेऱ्या मारायच्या, फुलं टाकायची आणि परत. प्रेम मैदानात रेडिओचा हँडसेट घेऊन उभा होता. रमाबाई, म्हणजे त्याची आई, पदरानं तोंड पुसत जवळ आली.

"तू वरूनच हात जोडलेस ना," ती म्हणाली. "मी बघितलं. काम टाकून जोडलेस. म्हटलं, पोरगा मोठा झाला पण विसरला नाही. बरं वाटलं मला."

"हं," प्रेम म्हणाला, आणि हसला, आणि मग त्याचं हसू तिथेच विरलं.

काम टाकून.

कुठलं काम टाकून?

झाकण. तेलाचं झाकण तोंडावर ठेवलेलं. ठेवलेलं, हे नक्की. पण फिरवलेलं का? ते दाबून फिरवावं लागतं, शेवटी टक् करून बसतं, आणि तो टक् बोटांना कळतो. प्रेमनं अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासली. बोटांना काही आठवेना. वंदना आठवत होती, वडील आठवत होते, काकाची हाक आठवत होती, दार लावलेलं आठवत होतं. मधला टक् कुठेच नव्हता.

फिरवलं असेल. रोज फिरवतो, हात आपोआप फिरवतात. न फिरवता हात थांबतील कसे?

पण आज हात जोडलेले होते ना.

बाहेरून काही कळायची सोयच नव्हती. दार बंद, लॅच घट्ट, सर्वेशनं पाहिलं ते बरोबरच पाहिलं. झाकण सैल असेल तर आत तेल उडत राहणार, थोडं थोडं करत सगळं बाहेर जाणार, आणि मग इंजिन कोरडं पडणार. एकच इंजिन. खाली चौक, चौकात हजारो माणसं, आणि वर काका आणि प्रियांका.

या धंद्यात पहिल्या दिवसापासून डोक्यात एकच गोष्ट ठोकतात. काम मध्ये तुटलं, मग फोन येवो नाहीतर साहेब येवो, तर जिथे सोडलं तिथून पुढे जायचं नाही. पुन्हा पहिल्यापासून बघायचं. दार उघडून बघायला कितीसा वेळ लागला असता? वंदनेनं काही बिघडवलं नव्हतं. वंदना संपल्यावर त्यानं फोटोसाठी घाई केली, ती त्याची स्वतःची. स्वतःच्या माणसांत मिरवायची हौस. प्रेमनं मनातल्या मनात स्वतःला एक सणसणीत शिवी हासडली.

त्यानं हँडसेट तोंडाशी नेला. "कॅप्टन, ऑइल प्रेशर किती दाखवतंय?"

"नॉर्मल. का रे?"

"नाही, सहज."

सहज म्हणे. प्रेमचा जीव क्षणभर भांड्यात पडला आणि लगेच पुन्हा टांगणीला लागला. प्रेशर नॉर्मलच राहणार. टाकीत तेल आहे तोवर काटा हलत नाही, आणि हलतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. हे त्याला पाठ होतं, आणि तरीही त्यानं तो प्रश्न विचारला होता, कारण त्याला कुणीतरी 'सगळं ठीक आहे' म्हणायला हवं होतं.

तो मैदानात फेऱ्या मारू लागला. आई म्हणाली, "काय झालं रे?" तो म्हणाला, "काही नाही." तिनं त्याच्यावरची नजर हलवली नाही.

परत बोलवावं का? बोलावलं की आज फुलं पडणार नाहीत. परवानगीची वेळ उलटली की उलटली. काका मेल्यासारखा होईल. आणि झाकण घट्ट निघालं तर? तर रमाबाईच्या पोरानं नुसत्या वहिमापायी जयंतीचा विचका केला, हे जन्मभर ऐकावं लागेल. बरं, सैल निघालं तर? त्याहून वाईट. कंपनी चौकशी लावणार, लायसन्स अडकणार. आणि तेवढ्यावर भागलं असतं तर प्रेमनं तेही सोसलं असतं. नोकरीला लागला तेव्हा त्याच्या हातून एक साधा नट उलटा लागलेला, लगेच लक्षात आला आणि काढला. तरी मागे उभा असलेला एक जुना टेक्निशियन दुसऱ्याला हळूच म्हणाला होता, "सीट मिळते यांना, डोकं कोण देणार?" यांना. एका नटासाठी 'याला' नव्हे, 'यांना'. तेव्हापासून प्रेम दुसरे एकदा बघतात तिथे दोनदा बघायचा. त्याच्या हातून चूक झाली तर ती त्याच्या एकट्याच्या खात्यावर जाणार नव्हती, त्याच्या अख्ख्या माणसांच्या खात्यावर जाणार होती. आणि ती व्हावी तर आज, जयंतीला, बाबासाहेबांच्या डोक्यावर.

पाचेक मिनिटांचं तर काम आहे, तो स्वतःला म्हणाला. तीन फेऱ्या. तेवढं तेल टिकतं. टिकेल.

हँडसेट खरखरला. सर्वेशचा आवाज. "चौकातून इशारा आला. निघतोय आम्ही."

टिकेल म्हणजे काय? कुणाच्या जिवावर टिकेल? प्रियांकाला त्यानं पाळण्यात झोके दिले होते.

"कॅप्टन, चौकावर जाऊ नका." त्याचा आवाज एवढा चढला की सरबताकडची माणसं वळून बघायला लागली. "परत या. वस्तीवरून येऊ नका, नदी धरून या. काटा हलला तर असाल तिथे मोकळ्यावर उतरा."

"कारण?"

आई शेजारी उभी होती. प्रेमनं तिच्याकडे पाहिलं नाही. "तेलाचं झाकण मी लॉक केलं की नाही, मला आठवत नाही."

हँडसेट खरखरला. मग सर्वेश म्हणाला, "येतोय."

नदीच्या बाजूनं हेलिकॉप्टर दिसेपर्यंतचा वेळ प्रेमनं कसा काढला ते त्याचं त्याला माहीत. कान नुसते आवाजावर लावलेले. जरा सूर बदलल्यासारखा वाटला की छातीत धस्स व्हायचं. रमाबाईनं त्याचा दंड घट्ट धरला होता.

यंत्र उतरलं. पंखे थांबायच्या आत काका दार उघडून खाली यायला निघाला, त्याला सर्वेशनं ओढून बसवलं. खाली आला तो तणतणतच. "काय चाललंय? चौकात लोक माना वर करून उभे आहेत, प्रेम. माझ्या डोळ्यांसमोर पुतळा दिसत होता रे. एवढा समोर."

प्रेम शिडी चढला. इंजिनावरचं दार उघडलं.

झाकण तोंडावर तिरपं पडलं होतं. आतला सगळा भाग तेलानं माखलेला, खालच्या कडेला तेल साचून थेंब थेंब गळत होतं. प्रेमनं शिडीची कड पकडली. त्या क्षणी त्याला सुटल्यासारखंही वाटलं, आणि लाजही वाटली.

काका मागून शिडीच्या दोन पायऱ्या चढून आला होता. त्यानं तेल पाहिलं. चिडका चेहरा एकदम उतरला. मग त्यानं खाली वळून पाहिलं. सर्वेश अजून पुढे बसून रेडिओवर चौकातल्या पोलिसांशी बोलत होता. काकानं खांद्यावरचा पांढरा रुमाल काढून प्रेमच्या हातात कोंबला.

"पूस," तो हळू आवाजात म्हणाला. "पूस आणि झाकण लाव. खाली येऊन सांग, वहीम होता, सगळं ठीक निघालं. लोक मला शिव्या घालतील, घालू देत. मी बघतो त्यांना."

"काका, सर्वेशला सांगावं लागेल. ऑफिसात कळवावं लागेल. एवढं तेल का गेलं, आत आणखी काय झालंय, हे बघितल्याशिवाय हे उडू शकत नाही."

"तुला कळतंय का मी काय म्हणतोय? दुसऱ्या कुणाची चूक त्याच्या एकट्याची असते. आपली आपल्या सगळ्यांची करतात. उद्या म्हणतील, बघा, जयंतीला हेलिकॉप्टर आणलं, ते पण यांना सांभाळता नाही आलं. तोंड दाखवायला जागा ठेवशील का नाही?"

हे सगळं प्रेमचं स्वतःलाच सांगून झालं होतं. दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर मात्र त्याला ते पटेना. रुमाल हातात होता. पुसायला दोन मिनिटं लागली असती आणि खरंच कुणालाही कळलं नसतं. शिडीवरून त्याला प्रियांका दिसली. ती टोपल्यांपाशी बसून होती, केसांत पाकळ्या अडकलेल्या, आणि त्याच्याकडे बघत होती.

"आज पुसलं," तो म्हणाला, "तर उद्या हे यंत्र दुसऱ्या कुणाला घेऊन उडेल. ते पण कुणाचे तरी असतील ना, काका?"

त्यानं रुमाल काकाच्या खांद्यावर परत ठेवला आणि हाक मारली, "कॅप्टन, वर येऊन बघता का? झाकण मीच उघडं ठेवलं होतं."

सर्वेश शिडी चढला, बराच वेळ आत बघत राहिला. त्याच्या कपाळावर घाम आला होता. "चौकावर पहिली फेरी जेमतेम झाली असती," तो म्हणाला. मग म्हणाला, "आज हे उडणार नाही. ऑफिसला तू कळवतोस की मी?"

"मी कळवतो."

मैदानात तोवर बातमी पसरली होती. मंडपात कुजबुज, चौकातून सारखे फोन. एक जण म्हणाला, "घरच्या माणसाला काम दिलं की हेच होतं." दुसऱ्यानं त्याला गप्प केलं, पण हळूच. काकाला माइककडे जावंच लागणार होतं. सचिव त्याच्या कानाशी लागला, "तांत्रिक कारणास्तव म्हणा. सगळेच म्हणतात."

काका माइकसमोर जाऊन उभा राहिला. मग प्रेमकडे बघून माइकवरच विचारलं, "काय सांगू मी लोकांना?"

"झालं ते," प्रेम खालून म्हणाला.

काका माइककडे वळला. "आज फुलं वरून पडणार नाहीत," तो म्हणाला. आवाज फाटत होता. "इंजिनाच्या तेलाचं झाकण उघडं राहिलं होतं. आमच्या प्रेमच्या हातून राहिलं. त्याच्याच लक्षात आलं, म्हणून त्यानं आम्हाला परत बोलावलं. नाहीतर मी आणि त्याची बहीण आत्ता तुमच्या अंगावर पडलो असतो. फुलं आहेत, टोपल्या घ्या आणि चालत चौकात जाऊ." त्यानं माइक सचिवाच्या हातात दिला.

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. ज्यांना रागवायचं होतं त्यांचा राग तसाच होता, तो एका भाषणानं थोडाच जातो. पण बायकांनी टोपल्या उतरवून घेतल्या. प्रियांका खाली आली आणि आईच्या खांद्यावर डोकं टेकून हुंदके देऊ लागली, इतका वेळ ती घाबरली आहे हे तिलाही कळलं नव्हतं.

प्रेम हेलिकॉप्टरपासून जरा बाजूला उभा होता. हातात मोबाइल, ऑफिसचा नंबर समोर, आणि अंगठा काही केल्या पुढे सरकेना. लायसन्स गेलं तर पुढे काय, हे त्याला माहीत नव्हतं. त्या जुन्या टेक्निशियनचं ते बोलणं त्याला इथून ऐकू येत होतं.

काका त्याच्याजवळ आला. डोळे लाल, आवाज बसलेला. प्रेमला वाटलं, आता हा एक ठेवून देणार. दिली असती तर चाललंही असतं.

"लाव फोन," काका म्हणाला. "आणि 'प्रेम बोलतोय' असं अर्धवट सांगू नकोस. पूर्ण नाव सांग, आडनावासकट. चूक कुणी केली ते त्यांना कळू दे, आणि कबूल कुणी केली तेही कळू दे."

प्रेमनं नंबर दाबला. पलीकडून "कोण?" आलं.

"प्रेम सीताराम ओव्हाळ," तो म्हणाला. "सर, माझ्या हातून एक चूक झालीय."